छोटी स्पोर्टी गाडी घेतली, आता आधी काय बदलू?

पत्र : एका वाचक तरुणीनं तीन आठवड्यांपूर्वी आयुष्यातली पहिली नवी गाडी घेतली. छोटी हॅचबॅक, फ्रंट व्हील ड्राइव्ह, टर्बो पेट्रोल इंजिन, मॅन्युअल गिअर. मीटरवर 900 किलोमीटर झालेत. गाडीसाठी साठवलेल्या पैशातले काही उरलेत आणि ते परफॉर्मन्स वाढवण्यावर खर्च करायचं तिनं ठरवलंय. सुट्टीच्या दिवशी पहाटे घाटात सोबत येणाऱ्या मित्रांनी यादी दिली आहे : आधी इनटेक (इंजिनात हवा घेणारा भाग), मग एक्झॉस्ट (धूर बाहेर टाकणारा), मग रिमॅप (इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवणं), मग लोअरिंग स्प्रिंग्ज (गाडी खाली बसवणाऱ्या) आणि 2 इंच मोठी अलॉय चाकं. तिचा स्वतःचा अनुभव असा, की वळणात जरा जोरात शिरलं की गाडी नाक बाहेर टाकते. शिवाय एकदा लांब उतार संपता संपता ब्रेकचं पेडल मऊ लागलं, दहा मिनिटांनी पूर्ववत झालं. ती विचारते : यादीचा क्रम बरोबर आहे का? वॉरंटी जाईल का? आणि पुढे गाडी विकायची झाली तर हे पैसे पाण्यात गेले असं तर होणार नाही?

उत्तर : नव्या गाडीबद्दल मनापासून अभिनंदन. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना पेन्सिल घेऊन गाडीबद्दलच्या तक्रारींखाली रेघा मारल्या. दोनच निघाल्या. एक ब्रेकची, दुसरी वळणात नाक बाहेर जाण्याची. चढावर दम लागतो, ओव्हरटेक करताना पिकअप कमी पडतो, असं एकही वाक्य तुम्ही लिहिलेलं नाही. आणि मित्रांच्या यादीतल्या पहिल्या तीनही गोष्टी ताकद वाढवणाऱ्या आहेत. तुमच्या गाडीनं जे मागितलंय ते यादीत कुठेच नाही, ही गोष्ट मला यादीच्या क्रमापेक्षा महत्त्वाची वाटते.

ब्रेकचं मात्र आजच बघा. गाडी 900 किलोमीटरची आहे, म्हणजे ब्रेक फ्लुइडही नवं असणार. नव्या फ्लुइडवर पेडल मऊ लागणं हे मी सहज सोडून देणार नाही. कुठे गळती आहे का, लाइनमध्ये हवा राहिली आहे का, हे अधिकृत सर्व्हिस सेंटरकडून तपासून घ्या आणि जॉब कार्डवर तुमची तक्रार तुमच्याच शब्दांत लिहायला लावा. हे काम वॉरंटीत होतं. ते होईपर्यंत घाट बंद.

तपासणीत काही निघालं नाही तर प्रश्न उष्णतेचा असतो, आणि तिथे पेडल काय सांगतं ते ओळखता यायला हवं. पेडल घट्ट आहे पण दाबूनही गाडी हवी तशी थांबत नाही, तर पॅड तापलेत. पेडल स्पंजासारखं खाली जातंय, तर फ्लुइड उकळलंय किंवा आत हवा आहे. ब्रेक फ्लुइड हवेतली आर्द्रता शोषून घेतं आणि त्याचा उत्कलनबिंदू हळूहळू खाली येतो. डॉट 4 दर्जाचं ताजं फ्लुइड किमान 230 अंश सेल्सिअसपर्यंत टिकायला हवं. त्यात 3.7 टक्के पाणी मुरलं की हीच किमान मर्यादा 155 वर येते. डॉट 5.1 साठी हे आकडे 260 आणि 180 आहेत. म्हणून दर दोन वर्षांनी फ्लुइड बदलायला सांगतात, आणि घाटात किंवा ट्रॅकवर गाडी हाणणाऱ्यांनी तर त्याआधीच बदलावं. नुसतं डॉट 5 मात्र सिलिकॉनचं असतं. नावातलं साम्य बघून ते भरू नका.

उतारावरची सवयही तपासून बघा. गिअर खालचा टाकून इंजिनाचा ब्रेक वापरता, की वरच्या गिअरमध्ये पाय पेडलवर ठेवून उतरता? सतत हलका पाय ठेवला की ब्रेकला थंड व्हायला उसंतच मिळत नाही. जोर लावून थोडा वेळ दाबायचं आणि पूर्ण सोडायचं, हे बरं. शिवाय नवे पॅड आणि डिस्क एकमेकांवर बसायला काही शे किलोमीटर लागतात. तेवढ्यात त्यांना घाटात तापवलं तर पॅडमधलं रेझिन गॅस सोडतं आणि पकड जाते. तुमच्या बाबतीत हेही थोडंफार घडलं असू शकतं.

आता यादीतल्या रिमॅपचा विचार याच नजरेनं करा. गाडीतली गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी 100 ऐवजी 140 वरून थांबायचं असेल तर ब्रेकना जवळजवळ दुप्पट उष्णता पचवावी लागते. ज्या गाडीचं पेडल आजच मऊ लागतंय, तिला प्रत्येक वळणाच्या तोंडाशी आणखी वेगानं नेऊन उभी करायची का? छोट्या स्पोर्टी गाड्यांच्या इतिहासात याचं उत्तर फार पूर्वीच देऊन झालंय. 1959 ची मूळ मिनी 848 सीसी आणि 34 हॉर्सपॉवरची होती. 1961 मध्ये मिनी कूपर आली तेव्हा इंजिन 997 सीसी आणि 55 हॉर्सपॉवरचं झालं, आणि त्याच वेळी पुढच्या चाकांना ड्रमच्या जागी डिस्क ब्रेक आले. 1964 मध्ये मॉन्टे कार्लो रॅली जिंकणारी कूपर एस याच घराण्यातली. ताकद वाढवायची तर थांबण्याची सोय तिच्यासोबत यायला हवी, हे त्या गाडीनं पहिल्या पावलालाच पाळलं.

पण म्हणून भल्यामोठ्या ब्रेक किटच्या मागेही लागू नका. एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक लावल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, काम करायला लागते त्या क्षणी ब्रेकनी त्यांचं काम पूर्ण केलेलं असतं, पुढे गाडी थांबवतात ते टायर. मोठी डिस्क पुन्हा पुन्हा तापणं सहन करते, एकाच ब्रेकमध्ये अंतर ती फारसं कमी करत नाही. तुमच्यासाठी चांगलं फ्लुइड आणि एक पायरी वरचे रस्त्यावरचे पॅड पुरेत. ट्रॅकचे पॅड रोजच्या गाडीला लावू नका. ते गरम झाल्यावरच नीट धरतात, आणि सकाळी घरातून निघताना पहिल्या सिग्नलला तुम्हाला गरज असते ती थंड पॅडची.

दुसरी तक्रार, नाक बाहेर जाण्याची. मला वाटतं, तुमच्या पत्रातला सगळ्यात मोलाचा भाग हाच आहे, कारण त्यातून तुम्ही गाडीचं ऐकताय हे दिसतं. फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडीत पुढच्याच टायरना वळवायचंही असतं आणि ओढायचंही असतं. दोन्ही कामं एकदम सांगितली की ते हात टेकतात आणि गाडी सरळ जाऊ बघते. कंपन्या मुद्दामच गाडीचा स्वभाव असा ठेवतात, कारण घाबरलेला माणूस ॲक्सिलरेटर सोडतो आणि नाक घसरणारी गाडी तेवढ्यानंही बहुतेक वेळा ताब्यात येते. शेपूट फेकणाऱ्या गाडीचं तसं नसतं.

तेव्हा काही विकत घेण्याआधी हे करून बघा. टायर थंड असताना हवेचा दाब तपासा, दाराच्या चौकटीवर लिहिलेल्या आकड्याशी ताडून. हवामान 10 अंशांनी बदललं की दाब साधारण दीड-दोन पीएसआयनं बदलतो, आणि पंपापर्यंत गाडी पळवत नेली की टायर तापून आकडा फसवा येतो. चांगला प्रेशर गेज स्वतःजवळ असू द्या. मग वळणात शिरण्याची पद्धत. ब्रेक दाबला की वजन पुढच्या टायरवर येतं आणि त्यांची पकड वाढते. वळणाच्या आधीच पाय पूर्ण उचलला तर ऐन स्टिअरिंग फिरवताना पुढचं वजन निघून गेलेलं असतं. ब्रेक वळणाच्या तोंडापर्यंत हळूहळू सोडत न्यायचा, शिरण्याचा वेग थोडा कमी ठेवायचा आणि बाहेर पडताना ताकद द्यायची. हे घाटात शिकायचं नसतं. समोरून येणाऱ्या माणसानं तुमच्या सरावात भाग घ्यायचं कबूल केलेलं नाही. बंद ट्रॅकवर प्रशिक्षकासोबत एक दिवस घालवा. उरलेल्या पैशातला पहिला खर्च कोणता, असं तुम्ही एका वाक्यात विचारलंत तर माझं उत्तर हेच आहे. तो एक दिवस पुढच्या सगळ्या गाड्यांमध्ये तुमच्या सोबत येतो, आणि संध्याकाळी गाडीत खरंच काय कमी आहे हे तुम्हाला मित्रांना विचारावं लागत नाही.

बसण्याची पद्धतही त्याच दिवशी दुरुस्त होईल. क्लच तळापर्यंत दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला हवा, आणि खांदे सीटला टेकलेले असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकायला हवं. मागे रेलून, हात ताणून बसणाऱ्यांना पुढचे टायर काय सांगतात ते कळत नाही.

एवढं करूनही नाक बाहेर जात असेल तर अलाइनमेंट. टो (चाकं समोर किती आत-बाहेर वळलेली आहेत ते) कंपनीच्या मापात आहे ना हे बघा आणि तुमच्या गाडीत कॅम्बर (चाकाचा उभा कल) बदलता येत असेल तर पुढे थोडा निगेटिव्ह कॅम्बर घ्या, म्हणजे चाकाचा वरचा भाग थोडा आत झुकवा. छोट्या गाड्यांच्या पुढच्या स्ट्रट सस्पेन्शनमध्ये गाडी झुकली की बाहेरचा टायर त्याच्या बाहेरच्या कडेवर उभा राहतो, निगेटिव्ह कॅम्बर तेवढं भरून काढतो. फार घेतला तर टायर आतून झिजतील. मागचा अँटी-रोल बार (वळणात गाडीचं झुकणं आवरणारा दांडा) जाड केला तरी नाक आत येतं, पण मग वळणात मध्येच ॲक्सिलरेटर सोडल्यावर मागची बाजू हलकी होते. ओल्या रस्त्यावर तर विशेष. ट्रॅकवरच्या त्या दिवसाआधी हा बदल मी सुचवणार नाही.

आणि टायर. गाडी रस्त्याला टेकते ती चार तळहातांएवढ्या जागेवर. ब्रेक, इंजिन, स्टिअरिंग, सगळ्यांचं म्हणणं रस्त्यापर्यंत पोहोचतं ते तेवढ्यातून. साधा हिशेब सांगतो. ताशी 100 किलोमीटरवरून थांबताना टायरची पकड गुरुत्वाकर्षणाच्या 0.9 पट असेल तर सुमारे 44 मीटर लागतात. ती 1 पट झाली तर 39. फरक एका छोट्या गाडीच्या लांबीपेक्षा जास्त आहे. त्या पाच मीटरमध्ये काय काय असू शकतं, याचा विचार करा. कुठलाही इनटेक इतकं देत नाही.

तरी आजच टायर बदलू नका. गाडीसोबत आलेले टायर आधी शिकण्यासाठी वापरा. कमी पकडीचे टायर लवकर आणि हळूहळू सुटतात, आवाज करून सांगतात, आणि तेही कमी वेगात. ते झिजले की चारही एकदम, एकाच मॉडेलचे घ्या. लोड इंडेक्स आणि स्पीड रेटिंग, म्हणजे टायर किती वजन आणि किती वेग पेलतो ते, मूळ टायरपेक्षा कमी नको. बाजूवर कोरलेल्या डॉट क्रमांकाचे शेवटचे चार आकडे म्हणजे तयार झाल्याचा आठवडा आणि वर्ष, ते वाचूनच पैसे द्या. ट्रेडवेअर (टायर किती टिकेल हे सांगणारा, त्यावरच छापलेला आकडा) 200 च्या आसपास असलेले टायर कोरड्यात जीव ओतून धरतात, पण लवकर झिजतात, आणि त्यातले बरेचसे साचलेल्या पाण्यात तेवढा विश्वास देत नाहीत. रोज त्याच गाडीनं कामावर जायचं असेल तर चांगला समर टायर घ्या, जो ओल्यातही शांत राहतो. जिथे तापमान 7 अंशांखाली जातं तिथे समर टायरचं रबर कडक होतं, त्या वाचकांनी हिवाळ्यासाठी वेगळा संच ठेवावा.

मोठ्या अलॉयला माझा स्पष्ट विरोध आहे. चाक मोठं झालं की त्याचं वजन सहसा वाढतं, आणि ते वजन केंद्रापासून लांब जातं. फिरवायला लागणारा जोर त्या अंतराच्या वर्गानं वाढतो. म्हणजे इंजिनातून कष्टानं मिळवलेली ताकद चाकच खाऊन टाकतं. हे वजन स्प्रिंगच्या खालचं असतं, त्यामुळे खड्ड्यावरून गेल्यावर शॉक ॲब्सॉर्बरला ते आवरायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ टायर रस्ता सोडतो. त्यात टायरची भिंत बारीक झाली की पहिल्याच खोल खड्ड्यात रिम वाकण्याची भीती. अलॉय घ्यायचीच तर मूळ मापाची पण हलकी घ्या, ब्रेक कॅलिपरला जागा उरत असेल तर एक इंच लहानही चालेल. पीसीडी (नटांच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास), ऑफसेट (चाक किती आत-बाहेर बसतं ते) आणि हबचं भोक तंतोतंत जुळवा, आणि बसवल्यावर 50 ते 100 किलोमीटरनंतर नट टॉर्क रेंचनं पुन्हा तपासा.

लोअरिंग स्प्रिंग्जचा अनुभव माझा स्वतःचा आहे. माझ्या पहिल्या छोट्या गाडीला मी त्या लावल्या, मूळ शॉक ॲब्सॉर्बर तसेच ठेवून. गाडी उभी असताना देखणी दिसायची. चालवताना मात्र सस्पेन्शनचा प्रवास इतका कमी उरला, की खडबडीत वळणात ती बंप स्टॉपवर, म्हणजे सस्पेन्शनच्या शेवटच्या रबरी अडथळ्यावर, आपटायची आणि नेमकी तिथेच पकड सुटायची. वर्षभरात शॉक ॲब्सॉर्बर गळायला लागले. पुढे कळलं, की स्ट्रट सस्पेन्शन फार खाली घेतलं तर गाडीचा रोल सेंटर (ज्या बिंदूभोवती ती झुकते तो) गुरुत्वमध्य जितका खाली येतो त्याहून जास्त खाली जातो आणि झुकण्याची ओढ कमी होण्याऐवजी वाढू शकते. उंची कमी करायचीच असेल तर थोडीच, आणि एकमेकांना जुळवून बनवलेल्या स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बरचा संच घेऊन.

मित्रांवर मात्र रागावू नका. इनटेक-एक्झॉस्टपासून सुरुवात करायची ही यादी वडीलधारी आहे. साध्या, टर्बो नसलेल्या इंजिनांच्या काळात श्वास मोकळा करणं हाच पहिला मार्ग होता, तेव्हा ती घडली. तुमच्या इंजिनात किती टॉर्क (फिरवण्याचा जोर) द्यायचा हे ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, ठरवतो. नुसता इनटेक किंवा मागचा सायलेन्सर बदलला तर आवाज बदलेल, टर्बोची शीळ ऐकू येईल, त्यातही सुख आहे. पण ठरवलेला टॉर्क तोच राहतो, त्यामुळे वेगात फार फरक पडत नाही. उघड्या फिल्टरनं इंजिनाजवळची गरम हवा ओढली तर उलट नुकसानच.

खरा फरक रिमॅप करतो. टर्बो पेट्रोलमध्ये साधारण 15 ते 30 टक्के वाढ मिळते, आणि म्हणूनच तो शेवटी यावा. वाढलेला टॉर्क क्लच, गिअरबॉक्स आणि पुढच्या टायरवर येतो. तुमच्या गाडीचं नाक आजच बाहेर जातंय, त्या टायरवर आणखी ओझं पडेल. शिवाय छोट्या डायरेक्ट इंजेक्शन टर्बो इंजिनांना कमी आरपीएमवर जास्त बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) दिला की अवेळी ज्वलनाचा धोका असतो, त्यात पिस्टन फुटतात. यासाठीच 2020 मध्ये आलेल्या एपीआय एसपी दर्जाच्या ऑइलमध्ये या प्रकारापासून संरक्षणाची अट घातली गेली. हँडबुकमध्ये सांगितलेल्या दर्जाचंच ऑइल वापरा, आणि वरच्या गिअरमध्ये कमी आरपीएमवर पाय तळापर्यंत दाबू नका. रिमॅप झालेला नसला तरीही.

वॉरंटीबद्दल सरळ सांगतो. ईसीयूमध्ये सॉफ्टवेअर किती वेळा लिहिलं गेलं याची नोंद अनेक गाड्यांत राहते. मूळ फाइल परत टाकली की कुणाला कळणार नाही, या भरवशावर राहू नका. इंजिनाची वॉरंटी नाकारली गेली तर तो खर्च पेलेल का, याचं उत्तर हो असेल तरच पुढे जा. विमा कंपनीला प्रत्येक बदल लेखी कळवा, दिसायला किरकोळ असला तरी. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. तसं करणं बहुतेक सगळीकडे बेकायदा आहे, आणि मागून येणाऱ्याच्या छातीत जाणारा धूर हा तुमच्या छंदाचा खर्च त्यानं भरावा असा नाही.

मग आत्ता करायचं काय? ब्रेक दाखवून या. हँडबुकमध्ये रनिंग-इनचं अंतर बघा, बहुतेक गाड्यांना 1,000 ते 1,500 किलोमीटर सांगतात. तोवर आरपीएम बदलते ठेवा, पूर्ण जोर लावू नका, आणि थंड इंजिन तर कधीच खेचू नका. पाण्याचा काटा मध्यावर आला तरी ऑइल तापायला आणखी वेळ लागतो. पहिली सर्व्हिसिंग होईपर्यंत गाडीत एक वही ठेवा आणि प्रत्येक फेरीनंतर दोन ओळी लिहा : कुठे सुटली, कुठे लाजली, कुठे आवडली. त्यानंतर ट्रॅकचा दिवस, मग फ्लुइड आणि पॅड, मग अलाइनमेंट, आणि जुने झिजतील तेव्हा टायर. वर्षभरानं वहीत "पिकअप कमी" हे शब्द वारंवार दिसले तर रिमॅपबद्दल मला पुन्हा लिहा, मी आनंदानं बोलेन. एका वेळी एकच बदल करा, म्हणजे कशानं काय झालं ते कळेल. ज्या वाचकांची गाडी फक्त शहरातल्या गर्दीत फिरते, त्यांनी दाब, अलाइनमेंट आणि टायर एवढ्यावर थांबलं तरी चालेल.

राहिली विक्री. बदललेल्या गाडीला घेणारे थोडे असतात, आणि बदलासाठी जादा पैसे देणारे त्याहून थोडे. म्हणून काढलेला प्रत्येक मूळ भाग, त्याच्या नट-बोल्टसकट, पुसून, चिठ्ठी लावून खोक्यात ठेवा आणि पावत्या एका फाइलमध्ये लावा. गाडी विकताना मूळ भाग परत बसवायचे आणि हलकी अलॉय व पॅड वेगळे विकायचे. फ्लुइड, अलाइनमेंट आणि ट्रॅकच्या दिवसाला मात्र खोकं लागत नाही. मूळ चाकं ठेवायची झाली तर टायरसकट, हवा भरून, आडवी एकावर एक रचून, उन्हापासून लांब ठेवा.